शेवटचा पाव लिटर

साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. त्यामुळे ‘हिशेबाची वही’ या सदराकडे दोन तऱ्हेची पत्रं येतात, घर चालवणाऱ्यांची आणि परीक्षा देणाऱ्यांची. या महिन्यात दोन्हीकडचे प्रश्न एकाच गाठीपाशी, म्हणजे हातातला पुढचा रुपया कुठे घालायचा इथे, येऊन अडलेत, म्हणून एकत्रच घेते.

प्रश्न : ताई, घरात आम्ही पाच जण. भाडं आणि मुलांची फी मालक भागवतात, घरखर्चाला माझ्या हातात ११,००० येतात. दुधाचा रतीब रोज दीड लिटर, ५६ रुपये भावाने, म्हणजे अडीच हजार तिथेच गेले. किराणा पावणेचार हजार, भाजी दीड हजार, गॅस, दोन मोबाइलचे रिचार्ज, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, मालकांचं फरसाण तीनशे. पंचवीस तारखेला डबा रिकामा होतो आणि दुकानात उधारी सुरू. सासूबाई म्हणतात दूध कमी कर, मालक म्हणतात रिचार्ज, मी म्हणते फरसाण. रोज वाद. सगळा पैसा पोटातच जातो याची लाज वाटते. माझा स्वतःचा खर्च काही नाही, चप्पल तुटलीय तीसुद्धा पिन लावून वापरते. गरजेचं काय आणि चैनीचं काय, एवढी यादी करून द्या.
एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी ती लाज काढून टाका. घराचं उत्पन्न जितकं कमी, तितका खर्चातला पोटाचा वाटा मोठा, हे एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच कुटुंबांच्या जमाखर्चावरून दाखवलं होतं. आपल्या सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागात शंभरातले ४७ रुपये खाण्यापिण्यावर गेले, शहरी भागात जवळपास ४०. त्यात तुमच्या ११,००० मधून भाडं आणि फी आधीच वजा झालीय. मग उरलेल्यात पोटाचा वाटा मोठा दिसणारच. त्यात तुमचा काही दोष नाही.

आता यादीचं. ती मी देणार नाही, कारण तशी यादी करताच येत नाही. दूध गरजेचं की चैनीचं? या प्रश्नाला उत्तर नाही. कितवं दूध, असं विचारलं तर आहे. सकाळी मुलांच्या पेल्यात पडणारं पहिलं अर्धा लिटर आणि संध्याकाळी चौथ्यांदा चुलीवर चढलेल्या चहातलं दूध, दोन्हींचा भाव एकच, ५६ रुपये लिटर. घराला होणारा उपयोग मात्र एक नाही. जगायला पाणी लागतं, हिऱ्यावाचून कुणाचं अडत नाही, तरी पाणी स्वस्त आणि हिरा महाग का, हे कोडं अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथने १७७६ मध्ये मांडलं होतं. त्याची उकल रुळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. इंग्लंडात जेव्हन्स आणि ऑस्ट्रियात मेंगर, या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १८७१ मध्ये स्वतंत्रपणे सांगितलं की माणूस ‘पाणी’ या वस्तूची किंमत करत नसतो, हाताशी आहे त्यापुढच्या आणखी एका घागरीची किंमत करत असतो. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. तिथे पहिल्या घागरीसाठी भांडण होतं आणि दहावीने अंगण शिंपडतात.

तेव्हा दूध, रिचार्ज, फरसाण यांतलं कोण दोषी, हा खटला बंद करा. प्रत्येकातला शेवटचा तुकडा कुठे जातो, तेवढंच पाहा. आठ दिवस फक्त दूध बघा. पातेल्यातून दूध निघालं की कशाला निघालं ते दाराच्या मागे लावलेल्या कॅलेंडरवर लिहा : मुलं, चहा, विरजण, पाहुणे. माझा अंदाज असा की शेवटचा पाव लिटर आल्यागेल्याच्या चहात आणि पातेल्याच्या तळाला लागण्यात जातो. साय साठवून तुम्ही तूप कढवत असाल, तर रतीब कमी केल्यावर तूपही थोडं कमी होईल. तेही धरा, नाहीतर हिशेब खोटा होईल.

रोजचा पाव लिटर म्हणजे १४ रुपये, महिन्याचे ४२०. या ४२० चं दुसरीकडे काय होतं? आमच्याकडच्या भावाने सात रुपयांना अंडं, म्हणजे साठ अंडी. घरात अंडी चालत नसतील तर पन्नास रुपये डझनाने आठ डझन केळी. पत्रात फळाचं नावही नाही, म्हणून केळी म्हणते. दोन मुलांच्या घरात जिथे फळ अजिबात येत नाही, तिथे पहिल्या डझनाचं समाधान दुधाच्या सहाव्या पावापेक्षा मोठं असणार, असं मला वाटतं. पण वाटणं माझं आहे, जेवणारी माणसं तुमची. म्हणून पंधरा दिवस सव्वा लिटर करून बघा. कुणाला दूध कमी पडल्याचं जाणवलं नाही आणि केळ्यांवर उड्या पडल्या, तर आणखी थोडं इकडचं तिकडे करा. दुधावरचा शेवटचा रुपया आणि केळ्यांवरचा शेवटचा रुपया सारखंच समाधान देऊ लागले की थांबा. तिथून पुढे हलवलंत तर तोटाच.

ही युक्ती माझी नाही. हेरमान गोसेन नावाच्या प्रशियन सरकारी नोकराने ती १८५४ मध्ये पुस्तक काढून मांडली. पुस्तक खपलं नाही. त्याने उरलेल्या प्रती परत घेतल्या आणि १८५८ मध्ये तो वारला. पुढे १८७८ मध्ये ते पुस्तक जेव्हन्सच्या नजरेला आलं आणि हा माणूस आपल्या आधी इथवर पोहोचला होता, हे त्याने जाहीरपणे मान्य केलं. आज बारावीला ‘समसीमान्त उपयोगिता’ म्हणून मुलं जे पाठ करतात ते हेच. वर्गात शिकवताना दर वर्षी मला त्या परत घेतलेल्या प्रतींचं वाईट वाटायचं.

रिचार्जला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. दुधातून पाव लिटर काढता येतो, रिचार्जचा पाव काढता येत नाही. तिथे अख्ख्याशी अख्खं ताडून पाहावं लागतं : दुसऱ्या फोनचा पूर्ण रिचार्ज एकीकडे आणि तेवढ्या पैशांत येणारी दुसरी वस्तू दुसरीकडे. मुलाचा अभ्यास त्या फोनवर येत असेल तर राहू द्या.

फरसाणाच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने नाही. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला चहाबरोबर मिळणारी पहिली मूठ फार मोलाची असते. तीनशेचे सव्वादोनशे करता येतील, शून्य करू नका.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मी चार वेळा वाचलं त्याकडे येते. ‘माझा स्वतःचा खर्च काही नाही.’

आमच्या पाठ्यपुस्तकातला उपभोक्ता एकटा असतो. एक माणूस, एक पोट, एक पाकीट. तुमच्या घरात पाच पोटं आहेत आणि पाकीट एक. तुमच्या चपलेचं समाधान आणि मालकांच्या फरसाणाचं समाधान एका तराजूत घालायचं कसं? लायनेल रॉबिन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये साफ सांगून टाकलं की दोन माणसांच्या तृप्तीची तुलना करायचं शास्त्रीय साधन आपल्याकडे नाही. शास्त्राने हात वर केले तरी घरात रोज ती तुलना होतेच, आणि ती करते वही लिहिणारी बाई. बहुतेक वेळा ती स्वतःला वहीत धरतच नाही.

माझ्या आईच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्याकडे आहेत. लाल कापडी बांधणीच्या, उभ्या घडीच्या. १९७४ ची वही उघडली की वडिलांच्या सायकलची ट्यूब, माझी भूमितीची पेटी, धाकट्याचा खोकल्याचा काढा, सगळं आणेपैशासकट सापडतं. जूनमध्ये सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलंय, ‘चष्मा, पुढील महिन्यात.’ जुलैतही तेच, ऑगस्टातही. डिसेंबरपर्यंत सात महिने. त्या वर्षी सुईत दोरा ओवायला ती आम्हाला हाक मारायची आणि आम्हाला वाटायचं आई लाडाने बोलावते. तिच्या डोळ्यांचं दुखणं घरात कुणालाच कळलं नाही, कारण ती न कुरकुरता पुढच्या पानावर गेली. मी हे शास्त्र पुढे शिकले, शिकवलं, पण ती वही हातात आली तेव्हा मला त्यातलं पहिलं कलम नीट समजलं. एखाद्या गोष्टीवर जितका जास्त खर्च आधीच झालेला, तितकं पुढच्या रुपयाचं समाधान कमी. मग जिच्यावर शून्य खर्च झालाय, तिच्यावरचा पहिला रुपया सगळ्यात जास्त समाधान देणार. चष्म्याचे ते पैसे घरातल्या दुसऱ्या कुठल्याही खर्चापेक्षा जास्त उपयोगाचे ठरले असते. म्हणजे ज्या हिशेबाला आई काटकसर समजत होती, तो हिशेबाच्या नियमानेच चुकलेला होता.

तुमच्या चपलेचं तसंच आहे. पिन लावलेल्या चपलेने बाजारातून दोन पिशव्या घेऊन येता, पाय मुरगळला तर डॉक्टरांची फी आणि चार दिवसांचं घर, दोन्ही तुमच्याच अंगावर पडणार. म्हणून दुधातून सुटलेल्या पहिल्या महिन्याच्या ४२० मधले अडीचशे चपलेला. केळी दुसऱ्या महिन्यापासून पूर्ण आणा, या महिन्यात उरलेल्या १७० मध्ये तीन डझन येतात. आणि वहीत पाचवं नाव घाला, स्वतःचं. तिथे महिन्याला वीस रुपये लिहिलेत तरी चालतील, पण रकाना असू द्या.

प्रश्न : भोसरीत कंत्राटी कामगार आहे, पगार आठवड्याला मिळतो. आम्ही चौघे एका खोलीत राहतो. चहा, तेल, साबण सगळं छोट्या पुड्यांत आणतो. मित्र म्हणतो हा अडाणीपणा, मोठं पाकीट स्वस्त पडतं. त्याचं बरोबर आहे का?

उत्तर : हिशेब बरोबर आहे, ‘अडाणीपणा’ बरोबर नाही. तुमच्या खर्चाची मर्यादा महिन्याची नसून आठवड्याच्या पगाराची आहे. त्यातून आज मोठं पाकीट घेतलं आणि बुधवारी भाजीला उसने घ्यावे लागले, तर स्वस्ताई तिथेच संपली.

तरीही एक करून बघा. समजा चौघांना महिन्याला अर्धा किलो चहा लागतो. दहा रुपयांच्या वीस पुड्या म्हणजे दोनशे, आणि अर्ध्या किलोचं पाकीट १७५ ला. महिन्याभरात १७५ वर २५ सुटतात, एवढं कुठलीही बँक देत नाही. एकट्याला १७५ एकदम काढणं जड, पण चौघांनी ४५-४५ काढले तर १८० होतात. तेल, साबण यांचंही असंच एकेका आठवड्याला एकेक करा, सगळं एकदम नको. आणि घेण्याआधी दर वेळी भागाकार करा. शाम्पूच्या बाबतीत कित्येकदा उलटं असतं, बाटलीपेक्षा रुपयाची पुडीच मिलिलिटरमागे स्वस्त पडते.

प्रश्न : मॅडम, मी बारावीला आहे. पुस्तकात पहिल्या नगाची उपयोगिता अमुक, दुसऱ्याची तमुक असे आकडे दिलेत. पण खाताना आकडे कोण मोजतं? मग हा सिद्धान्त खरा कसा? आणि भाव वाढल्यावर लोक जास्त घेतात अशी ‘गिफेन वस्तू’ खरंच असते का? सरांनी आयर्लंडच्या बटाट्याचं उदाहरण दिलं.

उत्तर : शंका चांगली आहे. मोठ्या अर्थशास्त्रज्ञांनाही तीच होती. जॉन हिक्स आणि रॉय अॅलन यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं की आकडे मोजायची गरजच नाही. दोन गोष्टींतली कोणती जास्त आवडते एवढं सांगता आलं की पुरे. समवृत्ती वक्र, म्हणजे सारखंच समाधान देणाऱ्या जोड्या सांधणाऱ्या रेषा, त्यासाठीच आहेत.

तुझ्या कँटीनमध्येच बघू. आठवड्याला खाऊचे शंभर रुपये, वडापाव २० चा, चहा १० चा. चार वडापाव आणि दोन चहा घेतले, शंभर संपले. आता स्वतःला विचार : एक वडापाव सोडायला मी किती चहा मागेन? ‘एक दिला तरी चालेल’ असं मनाने म्हटलं, तर कँटीन तुला एका वडापावाच्या पैशांत दोन चहा देतंय, तुझा फायदा आहे. म्हणून तीन वडापाव आणि चार चहा कर. पुन्हा विचार. आता मन म्हणेल, ‘आणखी एक वडापाव सोडायचा तर दोन चहा तरी हवेत.’ बाजारही दोनच देतो. थांब, हीच तुझी जागा. वक्राला अर्थसंकल्प रेषा, म्हणजे शंभर रुपयांत येणाऱ्या जोड्यांची रेषा, जिथे फक्त टेकते असं पुस्तकात काढलंय, ती हीच. यात आकडा कुठे मोजलास? फक्त अदलाबदल केलीस. पॉल सॅम्युएल्सनने तर १९३८ मध्ये म्हटलं की माणसाला विचारूही नका, तो काय विकत घेतो ते पाहा, आवड त्यातूनच दिसते. परीक्षेत मात्र पुस्तकातला तक्ता नीट लिही, गुण त्याला आहेत.

गिफेनबद्दल. रॉबर्ट गिफेनचं नाव घेऊन आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने जे लिहिलं ते पावाबद्दल होतं : पाव महागला की गरिबाच्या खिशात मटणाला पैसे उरत नाहीत आणि तो पोट भरायला आणखी पाव खातो. आयर्लंडच्या दुष्काळातल्या बटाट्याची गोष्ट नंतर चिकटली. ती पटण्यासारखी नाही, कारण तिथे बटाट्याचं पीकच सडून गेलं होतं, जास्त खाणार कुठून? खरा पुरावा बराच उशिरा मिळाला. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी चीनच्या हुनान प्रांतात गरीब कुटुंबांना तांदूळ स्वस्त मिळेल अशी कुपनं दिली. तांदूळ स्वस्त झाल्यावर त्या कुटुंबांनी तो कमी खाल्ला! वाचलेल्या पैशांतून ती दुसरं काही ताटात घेऊ लागली. हा अभ्यास २००८ मध्ये छापून आला.

गिफेन वस्तू आणि हलक्या प्रतीची वस्तू यांची गल्लत मात्र करू नकोस. उत्पन्न वाढलं की जी आपण कमी घेतो ती हलक्या प्रतीची. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, यायची, तिची भाकरी तुझ्या आजीला विचार. पाऊस पडला, हातात पैसा आला, तशी ती ताटातून गेली. भाव तिथे मुद्द्याचा नव्हता. आणि हा शिक्का कायमचाही नसतो. त्याच काळात ज्वारीची भाकरी गरिबाची समजत, गव्हाची पोळी सणाची. आज कित्येक शहरांत ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे आणि लोक हौसेने घेतात.

प्रश्न : महिलांना एसटीचं तिकीट अर्धं झालं तरी माझा महिन्याचा प्रवासखर्च पूर्वीएवढाच आहे, चारशे रुपये. मिस्टर म्हणतात, ‘मग सवलतीचं वाचलं काय?’ माहेर शंभराच्या तिकिटावर आहे, तिथे अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई एकटी असते. मला उत्तर सुचत नाही.

उत्तर : सवलत १७ मार्च २०२३ पासून आहे. त्याआधी तुम्ही चारशेत किती वेळा जात होता? जाऊन-येऊन दोनशे, म्हणजे महिन्यातून दोनदा. आता जाऊन-येऊन शंभर, म्हणजे चारदा. वाचलेले पैसे दोन जादा फेऱ्यांच्या रूपाने तुमच्यापाशीच आहेत, मिस्टरांना तेवढंच सांगा.

अशा वेळी दोन गोष्टी एकदम होतात. प्रवास इतर खर्चांच्या मानाने स्वस्त झाला म्हणून मन तिकडे वळतं. आणि जुन्या दोन फेऱ्या दोनशेत होऊ लागल्या म्हणजे हातात दोनशे जास्त आले. ते तुम्ही डाळीला, कपड्याला, कशालाही घालू शकला असता. आईकडे घातलेत, कारण तुम्हाला त्याचीच ओढ जास्त होती. त्यात सफाई देण्यासारखं काही नाही.

आणखी एक. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यासाठी कोणतं कार्ड लागतं ते आगारात विचारून घ्या. आईंचे गुडघे साथ देत असतील तर चारातल्या एका खेपेला त्यांनाच बोलवा. आणायला तुम्ही गेलात तरी जाता-येता पन्नास-पन्नास तुमचेच लागतील, त्यांचे काही नाही, आणि त्या दोन दिवस तुमच्या घरी राहतील.